रात्री उपाशी झोपलं की उंची वाढते का? पोटातलं हार्मोन, ग्रोथ हार्मोन आणि भरतीची तयारी

नागपूरच्या मानेवाड्याहून एका ताईचं पत्र आलंय. ती पंचविशीची आहे, नोकरी करते, आणि तिला लहान भावाची काळजी लागून राहिलीय. पत्र लांब होतं, मुद्द्याचं तेवढं देते:

"माझा भाऊ १५ वर्षांचा आहे, उंची १५६ सेंटीमीटर. त्याला पोलीस भरतीत जायचं आहे आणि तिथे मुलांना १६५ लागते. तो ज्या अकॅडमीत जातो तिथल्या सरांनी सांगितलं की रात्री उपाशी झोपलं की पोटातून एक हार्मोन निघतं, त्याने ग्रोथ हार्मोन वाढतं आणि मग उंची वाढते. तेव्हापासून हा संध्याकाळी सहानंतर काहीच खाऊन नाही राहिला. आई ताट वाढून बसते, हा उठून जातो, मग आई रडते. वरून सरांनी एमके-६७७ लिहिलेली कॅप्सूलची डबी दिली. मी नेटवर शोधलं तर पोटातलं हार्मोन ही गोष्ट खरी निघाली, घ्रेलिन म्हणतात त्याला. मग सर बरोबर सांगून राहिले का? बाबांची उंची १६८, आईची १५३. बाबा म्हणतात मी पण दहावीनंतरच वाढलो. भावाचा आवाज आत्ता आत्ता फुटायला लागलाय. मी काय करू?"

अगं, आधी दोन कामं कर, बाकी मग निवांत वाच. ती कॅप्सूल आजपासून बंद करायची, आणि डबी फेकायची नाही, जपून ठेवायची, का ते खाली सांगते. आणि आज रात्री त्याला पोटभर जेवायला लाव. रागावून नको, पण लाव.

आता सरांचं. त्यांच्या बोलण्यातला पहिला अर्धा भाग खरा आहे आणि मला खरी भीती त्याचीच वाटते, कारण सगळंच खोटं असतं तर तुला नेटवर पाच मिनिटांत कळलं असतं आणि तू मला पत्रच लिहिलं नसतं. पोट रिकामं असलं की जठराच्या वरच्या भागातल्या काही पेशी घ्रेलिन सोडतात, ते रक्तातून मेंदूपर्यंत जातं, तिथे भूक लावतं आणि मेंदूच्या खालची पिट्युटरी ग्रंथी ग्रोथ हार्मोन सोडते. जेवलं की घ्रेलिन उतरतं. इथपर्यंत सरांना पूर्ण मार्क. पण उपाशीपोटी वाढलेलं ते ग्रोथ हार्मोन शरीर नेमकं कशासाठी वापरतं, हे त्यांनी सांगितलंच नाही, आणि तुझ्या भावाचं सगळं नुकसान तिथेच होऊन राहिलंय.

हे हार्मोन सापडलं कसं ते थोडं सांगते कारण त्या गोष्टीत ती डबी पण येते. १९७० च्या दशकाच्या शेवटी अमेरिकेत सिरिल बॉवर्स नावाच्या शास्त्रज्ञाला दिसलं की प्रयोगशाळेत बनवलेले काही छोटे पेप्टाइड, म्हणजे अमिनो आम्लांच्या छोट्या साखळ्या, दिले की पिट्युटरी ग्रोथ हार्मोन सोडते. म्हणजे औषधासारखं काहीतरी आधी हातात आलं, पण शरीरात त्याच्यासारखं काय आहे हे कुणालाच माहीत नव्हतं. मग मर्क कंपनीने गोळीच्या रूपात घेता येईल असं रसायन बनवलं, त्याचं नाव एमके-६७७, हो तेच, आणि ते रसायन पेशीवर नेमकं कुठे जाऊन चिकटतं हे शोधता शोधता १९९६ मध्ये त्याचा रिसेप्टर सापडला. आता रिसेप्टर आहे म्हटल्यावर शरीराचं स्वतःचं काहीतरी तिथे बसत असणारच ना, म्हणून जगभर शोध सुरू झाला, सगळ्यांना वाटत होतं ते मेंदूतच सापडणार. आणि १९९९ मध्ये जपानच्या मासायासु कोजिमा आणि केन्जी कांगावा यांना ते सापडलं उंदराच्या जठरात! अन्न पचवणारं जठर मेंदूला ग्रोथ हार्मोन सोडायला सांगतं हे तोवर कुणाच्या डोक्यातही आलं नव्हतं. मला ही गोष्ट आजही फार आवडते.

घ्रेलिन म्हणजे २८ अमिनो आम्लांची एक साखळी, आणि तिच्यात तिसऱ्या जागेवर आठ कार्बनचं एक छोटं फॅटी अ‍ॅसिड जोडलेलं असतं. ते जोडलेलं नसेल तर घ्रेलिन त्या रिसेप्टरला जागंच करू शकत नाही. हे जोडायचं काम एक एन्झाइम करतं, त्याला गोट म्हणतात, ते २००८ मध्ये सापडलं. ज्या दोन गटांनी ते शोधलं त्यातला एक होता डलासच्या ब्राउन आणि गोल्डस्टीन यांचा, कोलेस्टेरॉलच्या कामासाठी १९८५ चं नोबेल मिळालेली तीच जोडी. एवढं तपशिलात सांगून राहिले कारण याच गटाने पुढे जो प्रयोग केला त्यात तुझ्या प्रश्नाचं उत्तर आहे, म्हणून हा भाग जरा नीट वाच आणि भावाला पण वाचून दाखव.

त्यांनी असे उंदीर तयार केले ज्यांच्यात गोट एन्झाइमच नव्हतं, म्हणजे त्यांचं घ्रेलिन काम करू शकत नव्हतं. पोटभर खायला दिलं तेव्हा हे उंदीर बऱ्यापैकी नॉर्मलच. मग रोजच्या फक्त ४० टक्के खायला द्यायला सुरुवात केली, त्यांना पण आणि साध्या उंदरांना पण. दोन्हीकडची चरबी संपत गेली. साध्या उंदरांचं घ्रेलिन वाढलं, त्याच्यामागे ग्रोथ हार्मोन वाढलं, आणि त्यांची रक्तातली साखर खाली येऊन एका पातळीवर टिकली, ते तगले. बिनघ्रेलिनच्या उंदरांची साखर मात्र घसरतच गेली आणि आठवडाभरात ते मरायला टेकले. त्यांना बाहेरून घ्रेलिन दिलं तर ते वाचले. नुसतं ग्रोथ हार्मोन दिलं तरी वाचले. हे २०१० मध्ये छापून आलं.

कळलं का तुला? उपासमारीत पोट जे ग्रोथ हार्मोन मागवतं ते जीव वाचवायला मागवतं. चरबी फोड, मेंदूला साखर पुरव, आजची रात्र काढ, एवढंच त्याचं काम. घरातला पगार थांबला की माणूस वरच्या मजल्याचं बांधकाम बंद करतो आणि आहे त्या पैशात किराणा भागवतो, शरीर पण तेच करतं, आणि उंची हे ते वरच्या मजल्याचं बांधकाम आहे.

ते बंद कसं होतं ते पण सांगते. ग्रोथ हार्मोन एकटं हाड लांब करत नाही, ते लिव्हरला सांगतं, लिव्हर आयजीएफ-१ नावाचं दुसरं हार्मोन बनवतं, आणि हाडाच्या टोकाशी जी वाढीची प्लेट असते तिथे या आयजीएफ-१ शिवाय काम नीट चालत नाही. आणि लिव्हर आयजीएफ-१ तेव्हाच भरपूर बनवतं जेव्हा अन्न येत असतं, प्रोटीन येत असतं, इन्सुलिन असतं. उपाशी माणसात काय होतं तर ग्रोथ हार्मोन वर जातं आणि आयजीएफ-१ खाली येतं, लिव्हर ग्रोथ हार्मोनचं ऐकतच नाही. सरांनी फक्त वर जाणारा आकडा वाचला.

आणि हे फक्त उंदरांत नाही. तीव्र कुपोषण झालेल्या मुलांच्या रक्तात ग्रोथ हार्मोन खूप वाढलेलं असतं आणि आयजीएफ-१ एकदम कमी. ज्या मुली अ‍ॅनोरेक्सियामुळे खाणं सोडतात त्यांच्यात घ्रेलिन पण वाढलेलं, ग्रोथ हार्मोन पण वाढलेलं, आणि वाढ थांबलेली. आपण विदर्भातली माणसं आहोत बापा, मेळघाट आपल्यापासून किती दूर आहे? भुकेने उंची वाढत असती तर तिथली लेकरं सगळ्यात उंच झाली असती. हे लिहिताना मला राग येऊन राहिलाय, तो तुझ्यावर किंवा भावावर नाही, वाढत्या वयातल्या पोट्ट्याला उपाशी झोप म्हणणाऱ्या माणसावर आहे.

अजून एक गोष्ट. ज्या उंदरांत घ्रेलिन जन्मापासूनच नाही तेही जवळजवळ नॉर्मल आकाराचे वाढतात. आणि मुलं वयात येतात, म्हणजे उंचीचा सगळ्यात मोठा झटका बसतो तेव्हा, रक्तातलं घ्रेलिन उलट कमी होत जातं. त्या वयात ग्रोथ हार्मोनचा जोर वाढतो तो मुख्यतः सेक्स हार्मोन्समुळे. घ्रेलिनचा सहभाग अजिबात नाही असं मी म्हणत नाही, त्याच्या रिसेप्टरमधल्या बिघाडामुळे उंची कमी राहिलेली काही कुटुंबं डॉक्टरांनी नोंदवली आहेत, पण साधारण मुलाच्या उंचीची दोरी काही पोटाच्या हातात नाही.

मग रात्रीचं काय, तिथे पण सरांना थोडंसं खरं सापडलेलं आहे. ग्रोथ हार्मोन दिवसभर सारखं वाहत नाही, झटक्यांनी येतं, आणि मोठा झटका झोप लागल्यावर पहिल्या गाढ झोपेत येतो. रक्तात साखर एकदम चढली की तो काही वेळ दबतो, हेही खरं. यातून निघतं काय तर रात्री अकरा वाजता कोल्ड्रिंक आणि आइस्क्रीम नको. जेवण नको असं कुठून निघालं? आठ-साडेआठला वरण-भात, पोळी-भाजी, सोबत अंडं किंवा दही, आणि दहा-साडेदहाला झोप, एवढं पुरतं. खरा घोळ झोपेचाच असेल बघ. या वयाच्या मुलांना ८ ते १० तास झोप लागते. तुझा भाऊ पहाटे ग्राउंडवर १६०० मीटर मारायला जातो, मग शाळा, मग क्लास, मग रात्री मोबाईल, आणि उपाशीपोटी तर झोप पण नीट लागत नाही. म्हणजे जो झटका मिळवायला जेवण सोडलं तोच झटका तो झोप मोडून घालवून राहिलाय.

आता डबी. एमके-६७७ म्हणजे इबुटामोरेन. हे घ्रेलिनची नक्कल करतं, त्याच रिसेप्टरवर जाऊन बसतं, आणि ग्रोथ हार्मोन आणि आयजीएफ-१ दोन्ही वाढवतं. म्हणजे हे काम करत नाही असं मी तुला सांगणार नाही. काम करतं म्हणूनच ते डॉक्टरशिवाय घ्यायचं नसतं. ग्रोथ हार्मोन कमी असलेल्या मुलांवर याच्या चाचण्या झाल्या आहेत, पण त्या तपासण्या करून, डोस मोजून, डॉक्टरांच्या नजरेखाली. याने भूक खवळते, पायावर सूज येते, उपाशीपोटीची साखर वाढते. खुब्याचं हाड मोडलेल्या म्हाताऱ्या माणसांवरची याची एक चाचणी हृदय निकामी होण्याच्या धोक्यामुळे मधेच थांबवावी लागली होती. खेळाडूंसाठी तर ते वाडा, म्हणजे खेळातली उत्तेजकं रोखणाऱ्या जागतिक संस्थेच्या, बंदी घातलेल्या यादीतच आहे. आणि अशा विकत आणलेल्या डबीत आत नक्की काय आणि किती आहे याची खात्री कोण देणार? म्हणून म्हटलं डबी जपून ठेव, डॉक्टरांना ती प्रत्यक्ष दाखवायची आहे, आणि किती दिवस घेतली, दिवसाला किती, हे भावाकडून न ओरडता काढून घे. ओरडलीस तर तो कमी करून सांगेल.

आणि एक विचार कर, ही कॅप्सूल भूक वाढवणारी आहे आणि तेच सर त्याला रात्री जेवू नको म्हणतात. म्हणजे तो मुलगा रोज रात्री औषधाने खवळलेली भूक दाबून झोपायचा प्रयत्न करून राहिलाय. आई रडते म्हणतेस, मला तर वाटतं तो पण रडत असेल, दाखवत नसेल.

याच रिसेप्टरवर काम करणारी खरी औषधं पण आहेत बरं का. मॅसिमोरेलिन नावाचं एक औषध २०१७ मध्ये अमेरिकेत मंजूर झालं, मोठ्यांमध्ये ग्रोथ हार्मोन कमी आहे का हे तपासायला, पाण्यात कालवून प्यायला देतात आणि मग रक्त घेतात. अ‍ॅनामोरेलिन जपानमध्ये २०२१ मध्ये मंजूर झालं, कॅन्सरमध्ये भूक मरून वजन उतरत जातं त्यांच्यासाठी. बघ, एक तपासणीसाठी आणि एक भुकेसाठी. उंची वाढवायला यातलं एकही मंजूर नाही.

चल आता उंचीकडे येऊ, कारण खरा प्रश्न तर तोच आहे आणि मला वाटतं चित्र तुम्ही समजता तितकं वाईट नाही. मुलाच्या उंचीचा अंदाज काढायचा तर आई-बाबांची उंची मिळवायची, त्यात १३ घालायचे आणि अर्धं करायचं. १६८ अधिक १५३ अधिक १३, म्हणजे ३३४, अर्धे १६७. याच्या आठेक सेंटीमीटर खाली किंवा वर काहीही होऊ शकतं, हा काही वायदा नाही, पण १६५ आवाक्याबाहेर नाही एवढं नक्की. दुसरं म्हणजे बाबा दहावीनंतर वाढले हे तू सहज लिहून गेलीस, पण डॉक्टरांसाठी ती फार महत्त्वाची गोष्ट आहे. काही घरांत मुलगे उशिरा वयात येतात, वर्गात सगळ्यात बुटके असतात आणि मग कॉलेजात जाऊन सगळ्यांना गाठतात. आवाज आत्ता फुटायला लागलाय म्हणजे त्याचा झटका अजून पुढे असू शकतो, किंवा आत्ताच सुरू असेल, आणि नेमक्या त्या काळात त्याला आपण उपाशी ठेवून राहिलो! त्या झटक्यात मुलं वर्षाला ८-१० सेंटीमीटर वाढतात. त्या वर्षात जेवण तोडणं म्हणजे काय, ते तूच ठरव.

हे खरंच उशिरा वाढणं आहे की दुसरं काही, हे पत्र वाचून मला सांगता येणार नाही, त्याला मुलांच्या हार्मोनच्या डॉक्टरकडे न्यावंच लागेल. खाजगी परवडत नसेल तर मेडिकलच्या किंवा मेयोच्या, म्हणजे नागपूरच्या सरकारी दवाखान्यांच्या, बालरोग ओपीडीत जा, नाहीतर मिहानच्या एम्सला, आणि ते पुढे पाठवतील तिथे जा. डाव्या हाताचा एक्सरे काढतात, त्यावरून हाडाचं वय कळतं. १५ वर्षांच्या मुलाच्या हाडाचं वय १३ आलं तर घाबरू नका, ती चांगली बातमी आहे, वाढायला जागा शिल्लक आहे. थायरॉइड बघतील, हिमोग्लोबिन बघतील, गव्हाचा त्रास म्हणजे सिलिअ‍ॅक आहे का बघतील, कारण तेही उंची अडवतं. शाळेत दरवर्षी उंची मोजतात, ती जुनी प्रगतिपुस्तकं घरात कुठेतरी असतील, शोधून सोबत ने. डॉक्टरांना आजच्या उंचीपेक्षा वर्षाला किती वाढला ते जास्त उपयोगी पडतं.

एक करू नकोस. कुठल्या तरी लॅबमध्ये जाऊन स्वतःहून ग्रोथ हार्मोनची एक टेस्ट करून येऊ नकोस. ते झटक्यांनी येतं आणि रक्तात २०-२५ मिनिटांत निम्मं होतं, म्हणजे दुपारी बारा वाजता निरोगी मुलाचाही आकडा शून्याजवळ येऊ शकतो आणि तुम्ही उगाच हादराल. आयजीएफ-१ जास्त स्थिर असतं पण तेही उपाशी राहणाऱ्या मुलात कमीच येणार, आणि कॅप्सूल घेणाऱ्यात वाढलेलं येईल, म्हणून टेस्ट कधी करायची ते डॉक्टरांनाच ठरवू दे.

समजा तपासणीत ग्रोथ हार्मोन खरंच कमी निघालं, तर त्याची इंजेक्शनं आहेत, १९८५ पासून प्रयोगशाळेत बनवलेलं मानवी ग्रोथ हार्मोन मिळतं आणि योग्य मुलाला त्याचा खूप फायदा होतो. आणि समजा एक्सरेत हाडाच्या प्लेट बंद झालेल्या निघाल्या, तर मग कुठल्याही हार्मोनने उंची वाढत नाही, हात-पाय आणि जबडा तेवढा रुंद होतो. त्याच्या वयाला आणि आवाजाकडे बघता तसं असण्याची शक्यता मला कमी वाटते.

जेवणाचं फार मोठं शास्त्र करू नका. महागडी पावडर नको. घरात जे शिजतं त्यातच वाढवायचं, तुरीचं घट्ट वरण, झुणका, पाटोडी, चणे-फुटाणे, शेंगदाणे, दूध, अंडी चालत असतील तर रोज दोन. पहाटे ग्राउंडवर जाण्याआधी केळं किंवा मूठभर फुटाणे, आल्यावर पोह्यांसोबत अंडं नाहीतर दही. आलूपोहा नुसता खाऊन १६०० मीटर मारणाऱ्या पोराचं भागत नाही.

भावाशी बोलताना सरांची टिंगल करू नकोस, त्याच्यासाठी ते मोठे आहेत आणि तो त्यांच्या बाजूने उभा राहील. त्याला म्हण, सर हार्मोनबद्दल बरोबर होते, पण उपाशीपोटी ते हार्मोन जीव वाचवायला लागतं, उंचीला उरत नाही. उंदरांची गोष्ट सांग, पंधरा वर्षांच्या पोराला ती कळते. भिंतीवर पेन्सिलने खूण कर, सकाळी उठल्या उठल्या, अनवाणी, टाचा भिंतीला लावून, आणि मग तीन महिने परत मोजायचं नाही. माणूस संध्याकाळपर्यंत एखादा सेंटीमीटर खाली बसतो, रोज मोजलं की पोरगं वेडं होतं.

आणि अकॅडमीत तो एकटा नसणार. बाबांना सोबत घेऊन जा, सरांना समोर बसून सांगा की आमच्या मुलाला यापुढे कुठलीही कॅप्सूल द्यायची नाही, आणि ज्या ज्या मुलांच्या घरचे तुमच्या ओळखीचे आहेत त्यांना डबीचा फोटो पाठवा. डॉक्टरांनी डबी बघून हे घ्यायचं नाही म्हटलं की तो फोटो आणि डॉक्टरांचं म्हणणं लेखी घेऊन अन्न व औषध प्रशासनाच्या नागपूर ऑफिसात तक्रार करता येते, ती करा. एक्सरे झाला की हाडाचं वय किती आलं ते मला कळव, पुढचं त्यावरून बोलू.